खाडीकडचा उतार

त्या दिशी कोर्टावर कोण कोण व्हतं ते आदी सांगते, म्हंजे मागनं कोणी बोलायला नको की मी तिथं नव्हतोच. मी व्हते. माझी धाकटी जाऊ व्हती. तिला एका कानानं ऐकू येत न्हाय, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकते. माझी सून व्हती; नागावला पाव्हणे उतरतात त्या एका घरात सैपाक बघते, बारावी झाल्ये, इंग्रजी बोलते. बंगल्याचा शेठ व्हता, मुंबयचा. त्याचा मॅनेजर व्हता, शेठच्या डोक्यावर छत्री धरून. मांडवाची दोन माणसं व्हती, हातात पहार. नि ती व्हती, हंगेरीची बाय, टेनिस खेळणारी. उजव्या गुडघ्याला पट्टा, हातात बॉलची बादली, अशी उभी.

नाव मी कोणाचंच घेणार न्हाय. शेठचं घेतलं तर तो त्याची पण पाटी करून गेटावर लावंल.

मी मिठागरातली. आई मिठागरात, सासू मिठागरात. पाऊस सरला की बांध घालायचे, उघाडी, म्हंजे बांधातली फळी, उचलून भरतीचं पाणी आत घ्यायचं, जमीन तुडवायची, चोपायची, मंग वाफ्यात मीठ धरायचं. चाळीसावर वर्सं केलं. नवरा गेला ते पण त्याच बांधावर. मंग मिठागर बंद पडलं. पोरगा ट्रक चालवतो, आठ-आठ दिस घरी नसतो. हातपाय धड व्हते म्हणून मी नि जाऊ रेवसच्या वाटेवर ह्या शेठच्या बंगल्यावर झाडलोटीला लागलो.

शेठनं टेनिसचं कोर्ट केलं व्हतं, लाल मातीचं. मुंबयचा कंत्राटदार करून गेला नि पयल्याच उन्हाळ्यात त्याला भेगा पडल्या, पाय जाईल अशा. मॅनेजर माझ्याकडं आला.

"मावशी, तुमी मिठाची जमीन बनवता ना? मंग ही बनवा."

"मीठ नि माती येक हाय काय रे?" जाऊ बोलली.

पण केली. मॅनेजरनं गवंड्याकडनं पाण्याच्या नळीनं लेवल काढून दिली, दोऱ्या बांधून दिल्या. आमी माती भिजवली, तुडवली, चोपण्यानं चोपली, वरनं खडं मीठ फेकलं. मीठ ओल धरून ठेवतं, जमीन उकलत न्हाय. मॅनेजर हसला, मातीला काय लोणचं घालता काय बोलला. भेग पडली न्हाय. 

ती बाय आली ती रेवसला लाँचनं आली. पाठीला हीऽ मोठी बॅग. तिशी उलटलेली, उंच, हाडानं मोठी, उन्हानं नाक सोललेलं. शेठच्या कोणा दोस्तानं तिला धाडली व्हती. ठरलं असं, की सकाळचे दोन तास तिनं शेठच्या सुनेला खेळायला शिकवायचं नि बाकी टायम कोर्ट तिचं. महिनाभर. शेठनं तोंडानं कबूल केलं, माझ्यासमोर.

तिला कोर्ट कशाला पायजे व्हतं ते माझ्या सुनेनं मला समजावलं. गुडघ्याचं आपरेशन झाल्यालं, वरीसभर खेळ बंद. त्या खेळात ज्याला त्याला नंबर असतो. आजारी पडलं तर तो नंबर काही दिस धरून ठेवतात, आपण येष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतो तसा. पण रुमालावर कोण किती टायम जागा देणार? तिची मुदत इथला महिना सरला की पंधरा दिसांत संपत व्हती. त्याच्या आदी तिच्या मुलखात जाऊन, अशाच लाल मातीवर, सामना खेळायचा. जिंकली तर जागा तिची. न्हायतर उठ, नि परत अगदी खालपासनं सुरू. त्या वयाला परत खालपासनं कोण सुरू करणार? म्हंजे खेळच संपला.

हे शेठला ठाव व्हतं. म्हणून मला राग येतो. ठाव नसतं तर गोष्ट येगळी.

पयल्या दिशी ती कोर्टावर आली, खाली बसली, जमिनीवर हात फिरवला. मंग बोट तोंडात घातलं. मी जाऊला बोलले, बघ, माती खाते. बोलणं कळायला मी सुनेला बरोबर नेलं व्हतं; तिनं सुनेला काय तरी इचारलं नि सून हसत माझ्याकडं आली.

"आई, ती इचारते मीठ कोणी टाकलं?"

मला वाटलं आता बोलणी बसणार. "मी टाकलं. काय झालं?"

"ती बोलते, तिच्या गावात ती लहान असताना कोर्ट बघायला एक म्हातारा व्हता. तो पण थंडी सरली की पोत्यानं मीठ टाकायचा. ती बोलते, ही जमीन तिच्या गावची हाय."

त्यांच्या देशाला समुद्र न्हाय. एका बाजूला पण न्हाय. तिनं भरती-ओहोटी पयल्यांदा आमच्या खाडीवर बघितली; पाणी गेलं तर कुठं गेलं म्हणून इचारत बसली. जाऊ इचारायची, हंगेरी म्हंजे रत्नागिरीच्या अल्याड का पल्याड? अशी ती कुठली कुठं, नि बोट तोंडात घालून माझं मीठ वळखलं. शेठनं कधी वाकून बघितलं न्हाय.

मंग दुपारचं ऊन झालं की ती आमच्यात येऊन बसायची, कोर्टाच्या मागं नारळीखाली. सुनेला त्या दिसांत नागावला काम थोडं व्हतं, ती पण यायची. येक दिशी सून मोबाईल घेऊन बसली नि बोलली, "आई, हिचं सगळं ह्याच्यात लिवलेलं हाय."

"सगळं म्हंजे?"

"कुठल्या वर्साला कुठल्या गावात खेळली, कोणाशी खेळली, कितव्या फेरीत हरली. सगळं. जिंकलेल्या येगळ्या, हरलेल्या येगळ्या."

मला पटंना. जिंकलेलं लिवतात ते ठीक. पण बाईमाणसाचं हरलेलं कोण बसून लिवतो? नि कशाला? "वाच," मी बोलले.

सून वाचायची. अमुक गाव, दुसरी फेरी, हार. ती बाय नारळाचं खोबरं खात खात ऐकायची नि बोट वर करायची, थांब. मंग त्या दिशी काय झालं ते सांगायची नि सून मला सांगायची. त्या गावात तिला ताप व्हता, डोळ्यासमोर दोन-दोन बॉल दिसत व्हते, ती दोघांच्या मधी रॅकेट मारायची. आमी हसलो. पुढं वाच. तमुक गाव, पयली फेरी, हार. तेव्हा आईला पुरून चार दिस झाले व्हते, पण नाव दिलेलं, तिकीट काढलेलं, गेली. पुढं वाच. येका ठिकाणी जिंकली, कप मिळाला. समोरचीचा पाय मुरगळला व्हता, ती रडत खेळली. मंग दोघी एका बाकड्यावर बसल्या नि आयस्क्रीम खाल्लं. ते आयस्क्रीम त्या पानावर न्हाय. आईचं पण न्हाय. नुसती हार, जीत, हार, हार.

मला आमच्या मुकादमाची वही आठवली. त्याच्या वहीत माझ्या नावासमोर रेघा असायच्या. ज्या दिशी माझा नवरा बांधावर पडला त्या दिशी माझ्या नावासमोर फुली हाय. आली न्हाय, म्हणून. मी तिथंच व्हते, त्याच्या उशाशी. मुकादमाला दिसत व्हते मी. तरी फुली मारली.

मी हे सुनेला बोलले नि सुनेनं तिला सांगितलं. तिनं माझ्या हातातलं चोपणं घेतलं नि जरा टायम तीच चोपत बसली. चुकीचं चोपत व्हती. मी बोलले न्हाय.

आता तो दिवस सांगते. तिच्या जाण्याला बारा दिस राहिले व्हते. सकाळी मी पाणी मारायला गेले तर कोर्टावर टेम्पो. चाकं लाल मातीत. मांडवाचे बांबू, लोखंडी खांब, झालरी. नि दोन गडी पहारीनं खड्डे मारतायत, कोपरभर खोल. मी वरडले. ते बोलले, शेठला इचारा.

शेठ वरनं आला, चहाचा कप हातात. मागं मॅनेजर, छत्री.

"काय मावशी, सकाळ सकाळ बोंबाबोंब?"

"खड्डे कोणी मारायला सांगितले?"

"मी. पार्टी आली मुंबईची, लग्न आहे. मांडव धरून पंधरा दिवस सगळा बंगला घेतलाय. मांडव इथेच बसतो, दुसरीकडे झाडं आहेत."

"नि ह्या बायला महिना दिलेला त्याचं काय?"

तेवढ्यात ती आली, बादली घेऊन. सून तिच्या बरोबर. ती खड्ड्यांजवळ उभी राहिली. शेठ तिच्याशी गोड हसला नि इंग्रजीत काय तरी बोलला. सून मला बोलली, "लग्न झाल्यावर खेळ बोलतोय."

"झाल्यावर ती इथं असंल का?" मी शेठला बोलले. "तिची मुदत तुमाला ठाव हाय."

मंग शेठनं खिशातनं मोबाईल काढला. "मावशी, टेन्शन कशाला घेता? तुम्हाला माहीत आहे का ही कोण? रेकॉर्ड बघा हिचा." नि वाचायला लागला, मोठ्यानं, मराठीतनं, मांडवाच्या गड्यांना पण ऐकू जाईल असं. "पहिली फेरी, हरली. पहिली फेरी, हरली. दुसरी फेरी, हरली. हे बघा, ह्या वर्षी तर भोपळा. काहीच नाही, नुसती रेघ. ही काय कोणी चॅम्पियन नाही. हिच्यासाठी मी लग्न सोडू?"

मॅनेजर हसला. मालक हसला की तो हसतो.

तेच पान. आमी नारळीखाली वाचायचो तेच. नि तेच ह्याच्या तोंडातनं असं आलं, जसं कोणी आपलंच लुगडं हिसकून त्यानं लादी पुसावी.

तिला मराठी येत न्हाय. पण मोबाईलवर तिचा फोटू व्हता, तो तिला दिसला. तिनं मान हलवली नि दोन शब्द बोलली.

"काय बोलली?" जाऊनं इचारलं.

सुनेनं सांगितलं, "बोलली, हो, ती मीच."

मला तोंडावर काय बोलायचं सुचत न्हाय. मागनं सुचतं. तेव्हा एवढंच सुचलं: "शेठ, तुमी येक दिस तरी काय हरलायत का? कुठं लिवलं हाय का?"

"मावशी, माती आहे ती. लग्न झालं की परत थापा."

"तुमीच थापा." मी चोपणं त्याच्या पायाशी टाकलं. "मी उद्यापासनं येणार न्हाय."

"मी पण न्हाय," जाऊ बोलली. तिला सगळं ऐकू आलं व्हतं.

मॅनेजर मागं आला गेटापर्यंत. "मावशी, अशा रागावू नका, शेठ मनानं चांगला आहे." मी बोलले, "तू छत्री धर."

वाटेनं आमी चौघी. तिची बॅग तिच्या पाठीला, बादली जाऊच्या हातात.  आमच्या घराच्या आदी वळण हाय, तिथनं बंद मिठागर दिसतं. वाफे सुकलेले, बांध अर्धे गेलेले, बगळे. मी थांबले.

"तिला इचार," मी सुनेला बोलले, "कोर्ट किती लांब नि किती रुंद असतं."

"आई, तुमी काय करताय?"

"इचार तर."

ती बाय वाफ्यात उतरली नि पावलं टाकून दाखवलं. आमच्या जुन्या दोन वाफ्यांमधला बांध काढला तर बसत व्हतं. त्याच दुपारी बांध फोडला. उघाडी गंजलेली, ती जाऊनं नि मी टेकू लावून उचलली. संध्याकाळच्या भरतीला थोडं पाणी आत घेतलं, जमीन भिजवली नि दुसऱ्या दिशी तुडवायला लागलो.

तुडवायचं असं असतं, की बायकांनी ओळीत उभं राहायचं, पुढचीच्या खांद्यावर हात, नि टाचेनं टाचेनं जायचं, मागं येयाचं, परत जायचं. चपला घालून कोणी त्यात पाय टाकत न्हाय. तिला सांगावं लागलं न्हाय. आमी कडेला हळद वाहिली, नारळ फोडला, तोवर तिनं बूट काढले व्हते, मोजे पण. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचा हात म्हंजे लाकूड. आतल्या बाजूला घट्टे, आमच्यासारखेच.

"तिचे पाय बघ गो," जाऊ मागनं बोलली, "बदकासारखे पडतात."

"तुजे काय मोरासारखे पडतात?" मी बोलले.

सुनेनं ते तिला सांगितलं नि ती बदकासारखीच ओरडली. एवढा मोठा आवाज. बगळे उडाले. त्या मेल्या शेठनं सकाळी एवढं केलं त्याच्या दुसऱ्या दिशी ती अशी हसली. मी तिचा राग बघायला बसले व्हते. तिला नव्हता. मला व्हता, अजून हाय.

दोन दिसांत जमीन झाली. जाळी म्हणून रेवदंड्याच्या माझ्या भाचीकडनं जुनं मासळीचं जाळं आणलं, दोन बांबूंना बांधलं. त्याला वास यायचा, मांजरं येऊन बसायची. रेघा जाऊनं चुन्यानं मारल्या, दोरी धरून, चिमटीतनं, रांगोळी घालतात तशा. मी चोपणं फिरवलं शेवटचं, सकाळच्या गारव्यात. तिनं बॉल खाली टाकला. उडाला. चांगला उडाला. मंग तो हळूहळू घरंगळत खाडीकडं गेला नि त्या टोकाला जाऊन थांबला.

ती माझ्याकडं बघायला लागली. मला बरं वाटलं. मी सुनेला बोलले, "सांग तिला, बघ कशी जमीन झाल्ये. पाणी टाक, सरळ खाडीकडं जाईल. एक थेंब थांबायचा न्हाय."

मिठाच्या जमिनीला उतार ठेवायचा असतो, खाडीच्या अंगाला. डोळ्याला दिसत न्हाय, पायाला कळतो. या टोकापासनं त्या टोकापर्यंत वीतभर. सासूनं शिकवलेलं. सपाट जमीन म्हंजे नासलेली जमीन, त्यात पाणी साचतं. चाळीस वर्सं पाय तसेच पडत आले, तसेच पडले. शेठच्या कोर्टाला लेवलची नळी व्हती, हिथं नळी नव्हती. माझे पाय व्हते.

सून मला हळूच बोलली, "आई, कोर्ट सपाट लागतं."

"तुला काय कळतंय? बारावी झाली म्हणून मला जमीन शिकवतेस?"

सून मागं सरली. त्या बायनं तिला काय तरी सांगितलं नि बॉल उचलायला गेली. काय सांगितलं ते सुनेनं मला तेव्हा सांगितलं न्हाय. नंतर सांगितलं. ती बोलली व्हती, "आजीला बोलू नको." मला ती आजी बोलायची.

नऊ दिस ती तिथं खेळली. खाडीकडचं टोक दुपारपर्यंत ओलं असायचं म्हणून ती कायम वरच्या अंगाला उभी. सून खालच्या टोकाकडनं बादलीतले बॉल आदी हातानं टाकायची, मंग तिनं दिलेल्या जुन्या रॅकेटनं मारायला शिकली. जाऊ नि मी बॉल गोळा करायचो, चिखलातनं, खेकड्यांच्या बिळांतनं. ती एक बॉल शंभरदा तसाच मारायची. घामानं कपडे अंगाला चिकटायचे. गुडघा सुजायचा, मंग मी मिठाच्या पाण्यानं शेकायची. आमच्या घरात चटईवर निजायची, जवळ्याची चटणी नि भाकरी खायची, तिसऱ्या दिशी ओट्यावर बसून स्वतःच भाकरी थापायला गेली नि तव्याला चिकटवली. सून बोलली, हे पण त्या पानावर लिवा, पयली फेरी, हार.

गावातली माणसं बांधावर येऊन उभी राहायची. "म्हातारे, मीठ कधी काढणार ह्यातनं?" असं इचारायची. मी बोलायची, "हिचं काम झालं की तुझ्या जिभेवर ठेवीन."

मंग ती गेली. रेवसला लाँचवर चढली. बॅग घेतली, बादली ठेवली. सुनेनं इचारलं, बॉल न्हेत न्हाय? ती बोलली, असू देत, परत आल्यावर लागतील. मला वाकून पाया पडली. कोणी शिकवलं ते ठाव न्हाय. मी तिच्या पदरात, म्हंजे त्या टोपीत, खडं मीठ बांधून दिलं, तिच्या गावच्या जमिनीवर टाकायला.

आठ-दहा दिसांनी सून कामावरनं आली ती दारातच बसली. चप्पल काढली न्हाय.

"काय झालं?"

"पयली फेरी," सून बोलली. "हार."

मला वाटलं गुडघा. बोलले, पडली काय ती? सून बोलली, न्हाय, गुडघा चांगला राहिला. तिचा आवाज आलाय मोबाईलवर. नि तिनं तो लावला. ती बाय हसत बोलत व्हती, पण दमलेली. सून सांगत गेली. बॉल सगळे जाळीत जात व्हते, ती बोलते. समोरची काय मोठी खेळणारी नव्हती. पण हाताला नऊ दिस सवय लागली ती खाली जाणाऱ्या जमिनीची; तिथं जमीन सपाट, नि हात आखूडच मारत राहिला. हाताला कळेपर्यंत सामना संपला. ती बोलते, आजीला सांग, तिची जमीन माझ्या हातात जाऊन बसली.

तिनं गंमत म्हणून सांगितलं असंल. मी चुलीपाशी जाऊन बसले. जाऊ आली, मला काय झालं इचारलं, मी सांगितलं. ती बोलली, "तुला कोर्टाचं काय ठाव?" म्हणून तर राग येतो. सून बोलली व्हती, मी तिचं तोंड बंद केलं. दोन दिस तर गेलेच व्हते तुडवण्यात, अजून येक दिस लागला असता सपाट करायला. येक दिस. सुनेची माफी मी मागितली. सासूनं सुनेची माफी मागायची आमच्यात रीत न्हाय, पण मागितली. ती बोलली, "राहू द्या आई, मीच जोरात बोलायला पायजे व्हतं."

मी माझ्यावर रागावले ते रागावले. पण शेठला सोडत न्हाय. खड्डे मारले नसते तर ती सपाट जमिनीवर खेळली असती. नि आता बघा, लग्नाची पार्टी गेली, खड्डे बुजवले, वर हिरवी चटई टाकली, नि गेटावर ही मोठी पाटी. तिचा फोटू. विदेशी टेनिसपटूनं इथं सराव केला, म्हणून. त्या फोटूसोबत पाव्हणे फोटू काढतात. मी येक दिशी वाटेनं जाताना थांबले, मॅनेजरला बोलले, "अरे, भोपळा ना ती? रेघ ना? मंग लावली कशाला?"

"मावशी, धंदा आहे," तो बोलला, नि इकडंतिकडं बघितलं. छत्री नव्हती हातात, तर तो लहान वाटला.

सून अजून अधनंमधनं ते पान उघडते. ज्या वर्सात ती आमच्याकडं व्हती त्या वर्सासमोर मोठी रेघ, नि रेघेच्या शेवटाला ती येक हार. कोणी बघितलं तर वाटंल वरीसभर घरात बसली नि आली ती हरली. रेघ मारणाऱ्याला खाडी कुठनं दिसणार? मुकादमाला तर मी समोर दिसत व्हते.

त्या हारीच्या खाली पान कोरं हाय. तिनं खेळ सोडला का गुडघा गेला का अजून खालपासनं चढत्ये, कळत न्हाय. तिचा फोन लागत न्हाय. सुनेनं धाडलेल्या निरोपाला येकच टिक येते, दुसरी येत न्हाय.

मी ह्या वर्साला पाऊस सरल्यावर परत वाफ्यात उतरले. जाऊ नि सून दोघी बरोबर. सुनेनं गवंड्याकडनं पाण्याची नळी मागून आणली, दोन्ही टोकांना धरली, मी डोळ्यानं बघितलं. पाय परत खाडीकडं वळत व्हते. पाच दिस लागले पायांना आवरायला. जमीन आता सपाट हाय. पाऊस आला तर पाणी साचंल, मिठाच्या कामाची ती राहिली न्हाय. बादली घरात हाय, बॉल सगळे हायत, दोन मांजरीनं फाडले.

हे वाचणारं कोणी त्या मुलखातलं असंल, न्हायतर त्या खेळातलं कोणी तिला वळखत असंल, तर तिला एवढा निरोप द्या: आजीनं उतार काढला. ये.